प्रमाण सासरे

ज्या आवाजापासून हे सारे सुरू झाले, तो काही फार मोठा नव्हता. जुने लोखंडी कपाट झोपेत कूस बदलू शकत असते, तर त्याने जेवढी कुरकुर केली असती, तेवढीच. इमारतीच्या फाटकासमोर एक गतिरोधक आहे. गाडीची पुढची चाके तो ओलांडून गेली, मागची उतरली आणि मागच्या आसनाखालून तो आवाज आला. मागच्या आसनावर सासरेबुवा बसलेले होते.

आवाज विरल्यावर सासरेबुवांनी दार उघडले, सावकाश पाऊल बाहेर टाकले, कोटाची बटणे लावली आणि म्हणाले, "जावईबापू, जन्मभर मी लोकांना सांगत आलो, की तुम्ही जास्त झालात, एकाने बाहेर पडा. मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. आज तुमच्या गाडीने सांगितलं."

सासरेबुवा निवृत्त लिफ्ट-तपासनीस होते. 'एवढी माणसे, एवढे वजन' असे लिहिलेल्या शहरातल्या कितीतरी पितळी पाट्यांखाली त्यांची सही होती. त्यामुळे हा अपमान त्यांना व्यक्तिगत वाटला नाही, व्यावसायिक वाटला; आणि व्यक्तिगत अपमान माणूस विसरू शकतो. त्या गाडीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असे सांगून ते वरच्या मजल्यावरच्या आपल्या घरी गेले आणि वर्षभर शब्दाला जागले. खालच्या मजल्यावरून लेक दोन्ही वेळचा डबा पाठवी, ते खाली येऊन वर्तमानपत्र वाचत, जावयाशी हवापाण्यावर बोलत. पण गाडीचा विषय निघाला, की ते छताकडे पाहत. लिफ्टच्या माणसाला वर पाहण्याची सवय असते, अशी सगळ्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

जावईबापू वजने-मापे प्रयोगशाळेत अधिकारी होते. कचेरीत त्यांना 'मिलीमीटर' म्हणत, आणि हे नाव त्यांच्या मागून नव्हे तर तोंडावर घेतले जाई, कारण त्यांना त्यात टोचण्यासारखे काही दिसत नसे. 'साधारण', 'जवळपास' आणि 'म्हणतात' या तीन शब्दांशी त्यांचे जुने वैर होते. त्यांच्या पत्नीने लग्नाच्या वाढदिवशी 'तुमचं माझ्यावर किती प्रेम आहे?' असे एकदाच विचारले होते. त्यांनी एकक विचारले.

हे असेच चालू राहिले असते. पण आक्कांचा फोन आला.

आक्का म्हणजे सासरेबुवांची थोरली बहीण. गावाबाहेर, झाडांच्या लांबच लांब रस्त्याच्या टोकाला आक्कांचे घर होते. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्या म्हणाल्या, "माझ्यानं आता कुठे येववत नाही रे. तू येतोस, की नुसता तुझा आवाजच ऐकत बसू?" सासरेबुवांनी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ गॅलरीतल्या कुंडीतली कोरडी पाने एकेक करून वेचली.

"बाबा, भाड्याची गाडी करू," लेक म्हणाली.

"जावयाची गाडी दारात असताना? आक्का विचारेल, जावयाशी भांडलास का. काय सांगू? गाडीशी भांडलो?"

"मग पुढच्या सीटवर बसा."

"मागच्या बाकावर गडबड करतो म्हणून पुढे आणून बसवायचं? मी शाळेत आहे का?"

त्या दिवशी चहा ओतता ओतता पत्नी नवऱ्याला म्हणाली, "अहो, ती गाडी मागून थोडी वर करता येईल का? रविवारच्या आत. आत्या आता पूर्वीसारखी नाही. बाबाही तसे राहिले नाहीत. ते असेच हटून बसले आणि उद्या काही..." पुढचे तिने चहाबरोबर गाळले. मिलीमीटरांनी मान डोलावली. अपूर्ण वाक्य मोजता येत नाही, परंतु त्याचे वजन कळते.

आता गाडीविषयी. ती मूळची मेहुण्याची. परदेशी जाताना तो ती बहिणीच्या दारात ठेवून गेला. जाण्याआधी त्याने तिच्या मूळच्या स्प्रिंगा काढून कुणाला तरी देऊन टाकल्या होत्या आणि बाजारातून दुसऱ्या बसवून घेतल्या होत्या, ज्यांच्यामुळे गाडी जमिनीलगत बसते आणि तरुणांना सुंदर दिसते. गाडीने जमिनीशी सलगी का करावी, हे मिलीमीटरांना कधी उमजले नव्हते. मेहुणा फोनवर म्हणाला, "दाजी, त्यात उंची कमी-जास्त करता येते. मागच्या प्रत्येक स्प्रिंगखाली आटे पाडलेली नळी आहे, त्यावर दोन कड्या. खालची सैल करायची, वरची फिरवायची, खालची पुन्हा आवळायची. पोरखेळ आहे."

ज्यांनी कधी पोरे सांभाळली नाहीत, तेच 'पोरखेळ' हा शब्द इतक्या बेफिकिरीने वापरतात.

मिलीमीटरांनी रजा टाकली. इमारतीच्या तळाशी गाड्या ठेवण्याची जागा होती. उंचावर जाळीच्या खिडक्या, त्यांतून येणारा तिरपा उजेड, त्यात तरंगणारी धूळ. दुपारी तिथे तळ्याच्या तळाशी असते तशी शांतता असे. गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलून, खाली आधाराच्या लोखंडी घोड्या लावून, चाके काढून ते पाठीवर आडवे झाले, तेव्हा त्यांना आपण एखाद्या निजलेल्या जनावराच्या पोटाखाली आलो आहोत असे वाटले. कुठूनतरी पाण्याचा थेंब पडत होता. उजेडाची एक पट्टी हळूहळू त्यांच्या पोटावरून छातीकडे सरकत होती. मिलीमीटरांना स्वप्ने पडत नसत, निदान तशी नोंद नव्हती. पण त्या दुपारी कडीला पाना लावून ते किती वेळ नुसतेच पडून राहिले, हे त्यांना नंतर सांगता आले नाही.

"हे चालणार नाही," असा आवाज त्या तळ्यात वरून पडला. इमारतीचे सचिव होते. मिलीमीटरांना त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या, पण चपलाही नियम सांगत होत्या. "इथे वाहन उभं करायची परवानगी आहे. हे वाहन उभं नाही. हे टांगलेलं आहे."

"टांगलेलं नाही. खालून आधार आहे."

"चाकं कुठायत?"

"बाजूला."

"मग हे वाहन नाही. चाकं नसलेली वस्तू म्हणजे अडगळ. अडगळीला वेगळा नियम आहे."

मिलीमीटरांनी एक चाक हाताने धरून नळीशेजारी उभे केले आणि विचारले, "आता?"

सचिवांनी विचार केला. "आता अर्धी अडगळ आहे," ते म्हणाले. शेवटी तडजोड निघाली, की सचिवांच्या देखरेखीखाली काम करावे. त्यांनी खुर्ची आणवली. रविवारपर्यंत ती खुर्ची तिथून हलली नाही, आणि सचिवही फारसे हलले नाहीत.

देखरेख ही एकट्याने करायची गोष्ट नसल्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई दवाखाना मिटून तिथे येऊ लागल्या. कडी गंजून बसली होती. बाई वाकून म्हणाल्या, "जोर लावू नका हं. हे दातावरच्या कीटणासारखं आहे. आधी भिजू द्या, मग ब्रशने हलकेच घासा. वरवर हलवाल तर मुळाशी तुटेल." तेल घालून भिजवले तेव्हा कडी सुटली, हे मान्य करायला हवे, पण त्यानंतर बाईंनी आपला छोटा गोल आरसा आणून दिला आणि 'आ करा' असे त्या कुणाला म्हणाल्या, मिलीमीटरांना की गाडीला, हे समजले नाही. त्या आरशात आटे उलटे दिसत. आपण वर चढवतो आहोत की खाली उतरवतो आहोत, असा संभ्रम माणसाला सहसा थेट होत नाही. त्यासाठी साधने लागतात.

वरून गॅलरीत सासरेबुवा कुंड्यांना पाणी घालत होते. कुंड्या मोजक्या होत्या आणि पाणी फार चालले होते.

"जावईबापू," त्यांनी हाक मारली, "गाडीखाली काही हरवलंय का?"

"नाही, बाबा."

"मग सापडत का नाहीये?"

संध्याकाळी दोन्ही कड्या सारख्या फिरवून, चाके चढवून, मिलीमीटरांनी गाडी जॅकवरून उतरवली आणि पोलादी पट्टीने टायर व वरची कमान यांतले अंतर मोजले. ते अपेक्षेपेक्षा पुष्कळच जास्त होते. मेहुण्याचा हिशेब चुकला असे त्यांच्या मनात आले, आणि ते मनात येणे सुखद होते. त्यांनी गाडी पुन्हा उचलली, कड्या खाली घेतल्या, पुन्हा उतरवली, पुन्हा मोजले. आता अंतर मेहुण्याने सांगितलेल्या, कागदावर टिपलेल्या आकड्याशी जुळले. ते वर गेले, आंघोळ केली आणि जेवताना पत्नीला म्हणाले, "झालं."

हा शब्द उच्चारण्याची घाई शास्त्राने कधी करू नये. सकाळी गाडी फाटकापर्यंत नेऊन परत आणली, तर मागचा भाग पूर्वी होता त्याहूनही खाली गेलेला. याचे कारण साधे आहे. जॅकवरून उतरलेली गाडी प्रथम अवघडून उभी असते. टायर फरशीला धरून ठेवतात, स्प्रिंगा पुऱ्या बसत नाहीत. थोडे पुढे-मागे ढकलल्यावरच ती खरी टेकते. प्रयोगशाळेत मिलीमीटर प्रत्येक वजन काट्यावर ठेवून ते स्थिरावेपर्यंत श्वास रोखून थांबत. गाडीपुढे मात्र त्यांनी स्वागताच्या वेळीच पाहुण्याचे वजन केले होते.

"अजून खाली गेली," सचिव म्हणाले.

"दिसतंय."

"नाही, मी फक्त देखरेख करतोय."

दुसरा दिवस डावी-उजवी बाजू समान करण्यात गेला. ती काही केल्या समान होईना. डावी वर केली की उजवी खाली वाटे, उजवी वर केली की गाडी दुसऱ्या अंगाने रुसे. अखेर मिलीमीटरांच्या मनात फरशीविषयी संशय आला. त्यांनी पाण्याने भरलेली लांब पारदर्शक नळी गाडीभोवती अंथरली आणि तिच्या दोन्ही टोकांच्या पाण्याची पातळी पाहिली. पाणी वाहून जावे म्हणून फरशी एका बाजूला उतरती होती. ती इमारत बांधल्यापासून तशीच होती, आणि ते इतकी वर्षे तिच्यावर सरळ चालत असल्याच्या भ्रमात होते. त्यांना क्षणभर वाटले, की भिंतीही किंचित कललेल्या आहेत, सचिवांची खुर्ची कललेली आहे, आणि या सगळ्या कललेल्या जगात फक्त नळीतले पाणी खरे बोलते आहे.

"सलाईन लावलंत वाटतं," दंतवैद्य बाई हळू आवाजात म्हणाल्या. "कशी आहे आता?"

"स्थिर आहे," मिलीमीटर म्हणाले. ते पाण्याविषयी बोलत होते.

मुख्य प्रश्न अजून सुटायचाच होता. मागचा भाग किती वर करायचा? जास्त केला तर गाडी नाकावर झुकते, दिवे समोरचा रस्ता सोडून स्वतःच्या पायाशी पाहू लागतात. कमी केला तर पुन्हा तो आवाज. हे ठरवायला मागे बसणाऱ्याचे वजन लागते. आणि ते विचारणे शक्य नव्हते. "बाबा, आपण किती आहात?" हे वाक्य मिलीमीटरांनी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिले. दुसऱ्यांदा आरशातल्या माणसाने मान हलवून नकार दिला.

तेव्हा त्यांना ती कल्पना सुचली, जिच्याबद्दल प्रयोगशाळेत त्यांचा सत्कारच झाला असता. वजन विचारायचे कशाला? निसर्गाने ते एकदा मोजलेले आहे. तोच गतिरोधक, तोच वेग, स्प्रिंगच्या कड्या पुन्हा पूर्वीच्या जागी. मागच्या आसनावर वाळूची पोती भरत जायचे. ज्या भाराला नेमका तोच आवाज येईल, तो भार म्हणजे सासरेबुवा. एकदा हा 'प्रमाण सासरा' हाती आला, की मूळ सासऱ्यांना तसदी न देता गाडी त्याच्यावर जुळवून घेता येईल. जगातली सर्व मापे अशीच चालतात. मूळ वस्तू कुलपात राहते आणि व्यवहार प्रतिकृतीवर होतो.

वाळू दुरुस्तीच्या कामातून उरलेली, भिंतीशी पडून होती. सचिव म्हणाले, "ती इमारतीची आहे. बाहेर न्यायची तर मोजून न्या आणि मोजून परत आणा." आपल्याला कुणीतरी मोजायला सांगत आहे, या अनुभवाने मिलीमीटर क्षणभर गहिवरले.

पोती मागे ठेवताच गाडी किणकिणू लागली, की पट्टा लावा. पट्टा लावला. वाळू सांडू नये म्हणून पत्नीने जुनी शाल पांघरायला दिली. आता मागे कुणीतरी मान खाली घालून डुलकी घेत असल्यासारखे दिसे. त्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. उन्हाने झाडांच्या सावल्या गोळा करून बुंध्याशी ठेवल्या होत्या. गाडी गतिरोधकावरून जाई, वळे, परत येई. पुन्हा एक पिशवी वाळू, पुन्हा फेरी. काही वेळाने त्या ये-जा करण्याला झोपाळ्याची लय आली. मिलीमीटरांना आरशात मागची शाल दिसे आणि ती ऐकते आहे असे वाटे. हे विधान तपासून पाहता येणार नाही.

कोपऱ्यावरचा वाहतूक पोलीस बराच वेळ हे पाहत होता. शेवटी त्याने हात केला.

"मागे कोण झोपलंय?"

"सासरे," मिलीमीटर म्हणाले, कारण एवढा वेळ ते मनाशी तोच शब्द वापरत होते.

पोलिसाने काचेतून डोकावले. "ही पोती आहेत."

"प्रमाण सासरे आहेत. म्हणजे, सासऱ्यांच्या वजनाची पोती."

"आणि खरे सासरे?"

"घरी. ते या गाडीत बसत नाहीत. रुसलेत."

पोलिसाने टोपी काढून कपाळ पुसले. "माझेही रुसलेत," तो म्हणाला. "पण मी पोत्यांपर्यंत गेलो नव्हतो." मग त्याने सगळी हकीकत विचारून घेतली आणि स्वतःहून गतिरोधकापाशी कान देऊन उकिडवा बसला. गाडी जाई तेव्हा तो हात आडवा हलवी: नाही. पुन्हा नाही. मग एका फेरीला लोखंडी कपाटाने झोपेत कूस बदलली आणि पोलीस उडी मारून ओरडला, "हे आले! आले तुमचे सासरे!"

प्रमाण सासरे सिद्ध झाले. शनिवारभर मिलीमीटरांनी कड्या वर चढवल्या, गाडी ढकलून स्थिरावू दिली, नळीतल्या पाण्याला साक्षी ठेवून दोन्ही बाजू जुळवल्या, आणि लिफ्टला ठेवतात तशी थोडी अधिक भाराची सोय राखून ठेवली. प्रमाण सासऱ्यांना घेऊन गाडी गतिरोधकावरून मांजरीसारखी निःशब्द उतरली. रिकामी असताना मात्र तिचा मागचा भाग उंच राही आणि नाक जमिनीकडे. "नमस्कार करतेय बिचारी," दंतवैद्य बाई म्हणाल्या. "एवढ्या दिवसांत प्रथमच तिला वळण लागलं."

रविवारी सकाळी सासरेबुवा कोट घालून, काठी घेऊन, आक्कांसाठी बांधलेली पिशवी सांभाळत खाली उतरले. लेकीने त्यांना इतकेच सांगितले होते, की गाडी आता घासत नाही, एकदा बघा तरी. त्यांनी मागचे दार उघडले. आत शाल पांघरून, पट्टा लावून कुणीतरी बसलेले होते. शेवटच्या फेरीनंतर घाईत मिलीमीटर पोती काढायला विसरले होते.

"हे कोण?" सासरेबुवांनी विचारले.

सचिव खुर्चीतून उठून उभे राहिले. पत्नीने नवऱ्याकडे असे पाहिले, की आता तुम्हीच बोला, आणि जपून बोला.

"बाबा," मिलीमीटर म्हणाले, "ते... तुमच्याऐवजी."

सासरेबुवांनी शाल बाजूला केली. पोत्याला बोटाने दाबून पाहिले. पट्टा ओढून पाहिला. वर्षभराचा रुसवा आता दुप्पट होणार या भीतीने लेकीने डोळे मिटून घेतले होते.

"चाचणीचं वजन?" त्यांनी विचारले. आवाज बदलला होता; कचेरीतला होता.

"हो."

"किती फेऱ्या नेलंत?"

"आवाज बंद होईपर्यंत."

"आणि माणूस एकदाही बसवला नाहीत?"

"नाही, बाबा."

"बरोबर." सासरेबुवांनी पोत्यावर थाप मारली, जणू जुना सहकारी भेटला होता. "माणूस शेवटी बसवायचा असतो. हे तुम्ही वर्षापूर्वीच करायला हवं होतं, जावईबापू. उतरवा यांना."

पोती उतरली, सासरेबुवा चढले. मिलीमीटर मागच्या चाकापाशी गुडघे टेकून बसले आणि त्यांनी पोलादी पट्टी लावली. मग डोळे चोळले आणि पुन्हा लावली. सचिव आणि बाईंना गाडी पुढे-मागे ढकलायला लावली. आत सासरेबुवा पाळण्यातल्यासारखे संथ झुलले. गाडी स्थिरावली. पट्टीवरचा आकडा तोच राहिला. गाडी पोत्यांनी बसायची तेवढी बसली नव्हती.

"किती बसली?" आतून प्रश्न आला. त्यात परीक्षेचा निकाल विचारणाऱ्याची उत्सुकता होती.

मिलीमीटरांनी आयुष्यात आकडा कधी कुणासाठी बदलला नव्हता. "पाऊणच, बाबा," ते म्हणाले. "पोत्यांच्या पाऊण. काहीतरी चुकलंय."

"काही चुकलं नाही!" सासरेबुवांनी गुडघ्यावर हात मारला. "मला वाटलंच होतं, एवढं तरी साधलं असेल. भार जास्त झाला तर एकाने बाहेर पडायचं, हा नियम. पण इथे बाहेर पडणाराही मी आणि कधी ना कधी आक्काकडे जायचंही मलाच. मग काय करतो? थोडा थोडा बाहेर पडत गेलो. रोज डब्यातलं अर्धंच घ्यायचं. वर्ष लागलं; पण झालं की नाही?"

"अर्धं?" लेक म्हणाली. "बाबा, डबा तर रोज रिकामा येत होता!"

सचिव खांबाच्या पलीकडच्या बाजूला सरकले, आणि तेवढ्या हालचालीने त्यांच्या शर्टाचे पोटावरचे बटण ताणले गेले. ते सासरेबुवांच्या समोरच्याच दारात राहत. वस्तुमान नष्ट होत नाही, हा सिद्धान्त मिलीमीटरांनी कितीदा शिकवला होता. इमारतीच्या एकूण वजनात वर्षभरात काडीचाही फरक पडला नसणार. फरक पडला होता तो एका बंद कोटाच्या आत, आणि रोज समोर बसून वर्तमानपत्र वाचणारा तो माणूस मापनाच्या अधिकाऱ्याला दिसला नव्हता. त्यांनी वर्षापूर्वीच्या सासऱ्यांची अत्यंत अचूक प्रतिकृती बनवली होती. मूळ प्रत मधल्या काळात झिजली होती.

पत्नी पुढच्या दाराशी उभी होती. ती वळली, मागचे दुसरे दार उघडून वडिलांशेजारी बसली, आणि तिने त्यांचा हात हातात घेतला. कोटाच्या बाहीत तो तिला शोधावा लागला. मागचा भाग हळूच खाली आला; गाडीने नाक उचलले आणि ती सपाट झाली.

"आता किती?" सासरेबुवांनी विचारले.

"आता बरोबर," मिलीमीटर म्हणाले.

फाटकासमोर त्यांनी वेग कमी केला. पुढची चाके उतरली. मग मागची. चौघांनीही, म्हणजे गाडीनेही, श्वास धरला असावा. काहीच ऐकू आले नाही. कोपऱ्यावरच्या पोलिसाने मागच्या आसनावर जिवंत माणूस पाहिला आणि टाचा जुळवून सलाम ठोकला. सासरेबुवांनी तो आपल्या हुद्द्याला समजून स्वीकारला.

मग झाडांचा लांब रस्ता लागला. उजेड पानांतून काचेवर ठिबकत होता. आरशात मिलीमीटरांना दिसत होते, की सासरेबुवांना डुलकी लागली आहे आणि त्यांचे डोके लेकीच्या खांद्यावर टेकले आहे. रस्ता किती लांब होता ते त्यांनी पाहिले नाही. गाडीत ते मोजणारे यंत्र होते, आणि तरीही पाहिले नाही.

आक्का ओट्यावर बसून होत्या. गाडीच्या आवाजाने त्यांनी मान वळवली. भाऊ जवळ आला तेव्हा त्यांनी हात पुढे केले, त्याचा चेहरा चाचपला, मग खांदे, मग दंड. दंडावर त्यांचे हात थांबले. डोळ्यांनी रोज पाहणाऱ्या कुणाला जे कळले नव्हते, ते त्यांना पायरी चढण्याआधीच कळले.

"अरे, तू पाऊणच आलास," त्या म्हणाल्या. "उरलेला कुठे ठेवलास?"

"गाडीत मावला नाही, आक्का."

"शहाणाच आहेस. आत ये आधी. पान मांडलंय."

सगळे आत गेले. मिलीमीटर थोडे मागे रेंगाळले. त्यांनी गाडी अंगणातल्या सपाट जागी घेतली, डिकी उघडली, जॅक काढला आणि दुपारच्या सावलीत, गवतावर, पुन्हा एकदा पाठीवर आडवे झाले. घरातून भांड्यांचा आवाज येत होता, आक्कांचा आवाज येत होता, "अजून एक वाढ गं त्याला," आणि सासरेबुवांचा, फारसा विरोध नसलेला, "पुरे, पुरे." किती वाढले जात होते, हे त्यांना दिसत नव्हते. कोणताही आकडा हाताशी नव्हता. त्यांनी कडीला पाना लावला आणि परतीच्या प्रवासासाठी, निव्वळ अंदाजाने, मागची उंची आणखी थोडी वाढवली.